गावच्या टीव्ही चॅनलसाठी टाऊनकडून पैसे कसे मिळवावेत? (मॅसॅच्युसेट्स, पण इतरांनीही लिहा)

चिंचगूळ | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मी बोस्टनच्या पश्चिमेला एका गावात वीस वर्षं राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सध्या तिथे पैशांवरून सगळे एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत.

तर आमच्या गावाचं स्वतःचं टीव्ही स्टेशन आहे. केबलवर तीन चॅनल: एक कोणाही गावकऱ्यासाठी, एक शाळांसाठी, एक टाऊन हॉलसाठी. पब्लिक, एज्युकेशनल, गव्हर्नमेंट, म्हणून सगळे त्याला 'पेग' म्हणतात. चालवते एक छोटी ना-नफा संस्था. पगारी माणसं अडीच, बाकी आम्ही स्वयंसेवक.

मी तिथे कशी पोचले? एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले होते. कामाची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, नवरा सकाळी सातला बाहेर. लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद दिसला, कॅमेरा चालवायला फुकट शिकवतो म्हणून. गेले. पहिलं काम मिळालं सीवर कमिशनच्या मीटिंगचं. तीन तास मैलापाण्याच्या पाइपांवर चर्चा! पण त्या तीन तासांत मला या गावातली बारा माणसं नावानिशी कळली, आणि त्यांना मी. मग मराठी शाळेच्या मुलांचे कार्यक्रम, मग भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आज्यांच्या मुलाखती. आता संस्थेच्या बोर्डावर आहे.

अडचण अशी. स्टेशन चालतं केबल कंपनीकडून टाऊनला मिळणाऱ्या फीवर. लोक केबल तोडताहेत, फी आटतेय. मागच्या वर्षी आम्ही टाऊनच्या बजेटमधून थोडे पैसे मागितले. फिनान्स कमिटीपुढे मी उभी राहून सहा मिनिटं बोलले: समाज, विविधता, आज्या, शाळेची मुलं. एक बाई डोळे पुसत होत्या. नंतर कमिटीने शिफारस एकमताने नाकारली. डोळे पुसणाऱ्या बाईंसकट.

यंदा पुन्हा जायचंय. कोणी असं काही केलंय का? काय बोलावं, काय बोलू नये?

---

रिमोट_हरवला | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, भावना समजल्या, पण स्पष्ट विचारतो. यूट्यूब असताना टाऊनने टीव्ही स्टेशन का पोसायचं? मी टेक्सासात आहे. पंधरा वर्षांत गावाचं चॅनल एकदाही लावलेलं नाही. मीटिंग झूमवर होते, झूमचं रेकॉर्डिंग आपोआप होतं, ते टाका यूट्यूबवर. खर्च शून्य. मी केबल तोडली, मग माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून केबलच्या चॅनलला पैसे का?

---

अडाणी_आजोबा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३२

सीवर कमिशन तीन तास! धन्य ती माउली. मी मुलाकडे न्यू जर्सीला होतो तेव्हा दुपारी हेच बघायचो. सासू-सुनांपेक्षा बरं. निदान कोणीतरी 'मोशन सेकंडेड' म्हणून विषय संपवतो तरी.

---

हिशेबनीस | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मी याच राज्यातल्या दुसऱ्या एका गावाच्या फिनकॉमवर, म्हणजे फिनान्स कमिटीवर, सहा वर्षं आहे. म्हणजे चिंचगूळताई, मी त्या एकमताने नाकारणाऱ्या जातीतला. राग मानू नका, आतून कसं दिसतं ते सांगतो.

आधी पैसा कोणाचा ते. १९८४ च्या केबल कायद्याने गावांना कंपनीकडून फी घेता येते, पण वर्षभराच्या केबल-उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर जाता येत नाही. कंपनी ती ग्राहकाच्याच बिलात वेगळी ओळ दाखवून वसूल करते. म्हणजे हा कंपनीचा दानधर्म नाही. गावाच्या रस्त्याखालून, खांबांवरून तार न्यायची परवानगी गावाने दिली, त्याचं ते भाडं आहे. आमच्या बऱ्याच गावांत हा पैसा राज्याच्या कायद्याच्या ४४ व्या प्रकरणातल्या ५३एफ तीन-चतुर्थांश या कलमाखाली वेगळ्या निधीत जातो. टाऊन मीटिंगने, म्हणजे गावच्या मतदारांच्या सभेने, ते कलम स्वीकारलं असेल तर तो पैसा पेग आणि केबलशी संबंधित कामांपलीकडे वापरता येत नाही. तुमच्याकडे स्वीकारलंय का? नसेल तर फी सरळ सर्वसाधारण तिजोरीत पडते आणि बर्फ उपसायच्या मिठात जाते. पहिला प्रश्न हा. फिनकॉमपुढे जायच्या आधी टाऊन अकाउंटंटकडे जा आणि त्या निधीची शिल्लक, मागच्या पाच वर्षांची आवक, दोन्ही कागदावर घ्या.

आता आटणं. समजा गावात ४,००० घरांत केबल आहे आणि व्हिडिओचं बिल महिना ९० डॉलर. वर्षाचं उत्पन्न ४३,२०,००० डॉलर, पाच टक्के म्हणजे २,१६,०००. तीच घरं २,५०० झाली की फी १,३५,०००. एक्याऐंशी हजार डॉलर गेले: एक माणूस, त्याचा आरोग्य विमा, आणि वर थोडे. गंमत म्हणजे त्या दीड हजार घरांनी कंपनी सोडलेलीच नाही. तीच तार, तीच कंपनी, फक्त आता इंटरनेट घेतात. आणि इंटरनेटवर ही फी लागत नाही.

मागच्या वर्षी तुमचं काय चुकलं असावं याचा अंदाज: तुम्ही 'मदत' मागितली. मदत मागणारे आमच्याकडे रांगेने येतात. वृद्धांची व्हॅन, लायब्ररीचे रविवारचे तास, शाळेतली नर्स. १९८० च्या अडीच टक्क्यांच्या कायद्यामुळे गावाला प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, नव्या बांधकामाची भर सोडली तर. जास्त हवं तर ओव्हरराइड, म्हणजे मतपेटी. शाळेच्या विम्याचा हप्ताच अडीच टक्के खाऊन टाकतो. त्यात तुमच्या आज्या कितीही गोड असल्या तरी नर्स जिंकते. मीही नर्सलाच मत देतो.

---

चिंचगूळ | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) राग कसला, हेच ऐकायचं होतं. ५३एफ स्वीकारलेलं आहे, पाहिलं. शिल्लक आहे, पण दरवर्षी तीतूनच तूट भरतोय. या वेगाने दोन वर्षं पुरेल.

@रिमोट_हरवला, तुमचा प्रश्न फिनकॉममध्येही आला होता, आणि मी तिथे गडबडले होते. आता उत्तर देते.

झूम आपोआप रेकॉर्ड होतं हे खरं. २०२० मध्ये सगळे आपापल्या घरून बोलत होते तेव्हा ते चाललंही. आता निम्मे लोक खोलीत बसतात, निम्मे घरी. खोलीत टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप. पाच सदस्य त्या लॅपटॉपला पाच बोटांएवढे दिसतात, मागच्या रांगेतून उठलेल्या गावकऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि बोलायला आलेला माणूस तर मागच्याच रांगेतला असतो. आम्ही जातो तेव्हा प्रत्येकापुढे माइक असतो, नकाशा दाखवला की नकाशा पडद्यावर येतो, कोण बोलतंय त्याचं नाव खाली येतं. रेकॉर्डिंग विषयवार कापून चढवतो, म्हणजे चार तासांतलं तुमच्या गल्लीचं सव्वा मिनिट सापडतं.

खरी गोष्ट सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एका प्लॉटवर बांधकामाला परवानगी देताना पाण्याचा निचरा कसा करणार ते बिल्डरने मीटिंगमध्ये तोंडी कबूल केलं होतं. मिनिट्समध्ये एक ओळ: 'निचऱ्यावर चर्चा झाली.' दोन वर्षांनी शेजाऱ्यांच्या तळघरात पाणी. आमच्या रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग त्यांनी बोर्डापुढे लावला. बोर्डाला ते प्रकरण बांधकाम खात्याकडे पाठवावं लागलं. आणि हो, ते बघायला केबल लागत नाही. आमचं सगळं यूट्यूबवरही आहे. तिथे चढवण्यालायक काहीतरी कोणीतरी तयार करावं लागतं, एवढंच.

---

रिमोट_हरवला | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

हा मुद्दा पटला. पण मग त्याला टीव्ही स्टेशन का म्हणताय? नावामुळेच माझ्यासारखे बिचकतात.

---

चिंचगूळ | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:२८

हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. लिहून ठेवते.

---

वकीलबुवा_निवृत्त | ४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

थोडा इतिहास सांगतो, कारण 'चॅनल म्हणजे हक्क' असं समजून बरेच लोक बोर्डापुढे जातात आणि तोंडावर आपटतात.

१९७१ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनमध्ये केबल कंपन्यांशी केलेल्या करारामुळे सर्वसामान्यांसाठी चॅनल सुरू झाली. त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात आल्टरनेट मीडिया सेंटर काढलं आणि गावोगावच्या लोकांना कॅमेरा हातात धरायला शिकवलं. स्टोनी त्याआधी कॅनडात सरकारी पैशाने हाच प्रयोग करून आले होते. १९७२ मध्ये एफसीसीने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामक आयोगाने, मोठ्या बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांना अशी चॅनल सक्तीची केली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती उडवली: एफसीसीला तो अधिकारच नाही म्हणाले. म्हणून १९८४ चा कायदा. त्यात शब्द असा आहे की गाव चॅनल मागू 'शकतं'. मागितलं नाही तर मिळत नाही. सगळा खेळ त्या 'शकतं'वर.

इंटरनेटवर फी का नाही? २००२ मध्ये एफसीसीने ठरवलं की केबलवरून येणारं इंटरनेट ही 'केबल सेवा' नव्हेच, 'माहिती सेवा' आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्या वेळी गावांना फार लागलं नाही, केबलचे ग्राहक भरपूर होते. आज जे आटतंय त्याचं मूळ त्या एका व्याख्येत आहे.

मग २०१९. कंपन्या गावाला ज्या वस्तुरूप सवलती देतात, शाळेला फुकट जोडणी वगैरे, त्यांची किंमत त्या पाच टक्क्यांतून वळती करता येईल, असा आदेश एफसीसीने काढला. शहरं कोर्टात गेली. सहाव्या सर्किटने, म्हणजे केंद्राच्या एका अपील न्यायालयाने, २०२१ मध्ये आदेशाचा बराच भाग राखला, पण किंमत बाजारभावाने नाही, कंपनीला प्रत्यक्ष पडणाऱ्या खर्चाने धरायची, असं सांगितलं. गावं थोडक्यात वाचली.

ताई, तुमच्या कामाचं एकच सांगतो. गावाने केबल कंपनीला दिलेलं लायसन्स कधी संपतं? मुदत संपायच्या ३६ ते ३० महिने आधी नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया सुरू करता येते आणि त्यात गावाच्या गरजा नोंदवायची सुनावणी घ्यावी लागते. तिथे बोललेलं सगळं नोंदीवर जातं. चॅनलवर ज्यांचं पोट आहे ते येतातच. ज्यांचं नाही अशांना आणा: अग्निशमन दलाचा प्रमुख, शाळेतला बास्केटबॉलचा प्रशिक्षक, व्हीलचेअरवरून टाऊन हॉलला येऊ न शकणारे आजोबा.

---

कैरीची_फोड | ४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

कॅलिफोर्नियातून लिहितेय. आमच्याकडे २००६ पासून लायसन्स राज्य देतं, गाव नाही. पाच टक्के फी गावाला, आणि गावाने ठरवलं तर पेगसाठी आणखी एक टक्का. ऐकायला छान. पण तो एक टक्का फक्त भांडवली खर्चासाठी! कॅमेरे, दिवे, सर्व्हर. पगार त्यातून द्यायचा नाही. मूळ पाच टक्के सर्वसाधारण तिजोरीत, त्यातून स्टेशनला काय द्यायचं ते नगर परिषदेच्या मर्जीवर.

परिणाम: मी जिथे जाते त्या स्टुडिओत कॅमेरे बघून हेवा वाटेल, आणि दार उघडायला माणूस नाही. सोमवार ते बुधवार कुलूप. घोडा नवा कोरा, चाऱ्याला पैसे नाहीत.

तेव्हा करार करताना 'भांडवली' आणि 'चालू' यांचे आकडे वेगळे मागा, आणि चालू खर्चाचा मोठा ठेवा.

---

हिशेबनीस | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

कैरीताईंनी लाखमोलाचं लिहिलं. भांडवली खर्चासाठी कंपनीने लायसन्सात दिलेला पैसा पाच टक्क्यांच्या मर्यादेत धरला जात नाही, चालू खर्चाचा धरला जातो. म्हणून कंपन्या कॅमेऱ्याला पटकन हो म्हणतात आणि पगाराला नाही.

(काका चालेल. घरी मुली 'बाबा, तुम्ही फिनकॉमसारखं बोलताय' म्हणतात, त्यापेक्षा बरं.)

आता कसं मागायचं. पगारासाठी फ्री कॅश मागू नका. फ्री कॅश म्हणजे मागच्या वर्षी उरलेला पैसा. तो एकदाच खर्च होणाऱ्या गोष्टींसाठी. पगारासाठी मागितलात की आम्ही लगेच विचारतो, 'आणि पुढच्या वर्षी?' तुमच्याकडे उत्तर नसतं. सरळ सांगा की ही टाऊनची सेवा आहे आणि निधीतून भागत नाही तेवढा फरक बजेटच्या ओळीतून हवा. यंदा एवढा, पुढच्या वर्षी अंदाजे एवढा, त्यापुढे एवढा. वाढणारा आकडा लपवू नका. आम्हाला वाढीची भीती नसते, अचानक कळण्याची असते.

दुसरं. भाषण लिहू नका. तक्ता करा. गावात किती बोर्ड आणि कमिट्या, पैकी किती तुम्ही चित्रित करता, वर्षाला किती तास. स्टेशन १ जुलैला बंद झालं तर हे तास कोण करणार? टाऊन हॉलच्या आयटीवाल्याला ओव्हरटाइम? बाहेरची एजन्सी? तिचं लेखी कोटेशन आणा. शिवाय २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने नियम केलाय की गावाची संकेतस्थळं आणि त्यांवरचे व्हिडिओ अपंगांना वापरता आले पाहिजेत. त्यात मथळे आले, म्हणजे बोलणं खाली अक्षरांत दिसणं. ते काम कोणाच्या अंगावर पडणार हे टाऊन मॅनेजरला विचारा. विचारताना चेहऱ्याकडे बघा.

पैसा नको असं आम्हाला म्हणायचं असतं. 'मग हे काम कोण करणार' याला उत्तर नसलं की म्हणता येत नाही.

---

कृष्णाकाठ | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

भारतीय वेळेनुसार रात्र झाली, पण धागा सोडवेना. आमच्याकडे, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात, प्रत्येक तालुक्याच्या गावी केबलवाल्याचं लोकल चॅनल असायचं. विसर्जन मिरवणूक थेट, यात्रा, दहावीचे सत्कार, रात्री एक सिनेमा. खाली पट्टी: अमक्याच्या चिरंजीवास वाढदिवसाच्या शुभेच्छा. पैसा त्या पट्टीचा आणि नगरपालिकेच्या जाहिरातीचा.

आणि म्हणूनच नगरपालिकेची सभा कधी दाखवली नाही! आमच्या गावातल्या चॅनलवर एकदा पाण्याच्या टाकीच्या कामाची तक्रार दाखवली, तर पुढच्या महिन्यात पट्टी कोरी. चॅनलवाल्याने हात जोडले. 'साहेब, टाकी गळू दे, चॅनल राहू दे.'

म्हणून विचारतो ताई, टाऊनकडूनच पैसे घेतलेत तर टाऊनच्या चुका दाखवाल का?

---

म्हसवडकर | ५ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

कृष्णाकाठ, टीव्हीचं असं, पण रेडिओचं थोडं वेगळं झालं. 'प्रसारलहरी ही सार्वजनिक मालमत्ता' असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं, मग २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. आमच्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे. बायका बोलतात, माणदेशी बोलीत बोलतात. पण सरकारने गावाच्या मिळकतीतून हिस्सा बांधून दिला, असं आपल्याकडे रेडिओलाही नाही. परवानगी दिली, पैशाचं तुमचं तुम्ही बघा. तासाला १२ मिनिटं जाहिरातीला मुभा आहे, पण दुष्काळी तालुक्यात बारा मिनिटांची जाहिरात देणार कोण?

---

वकीलबुवा_निवृत्त | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

कृष्णाकाठ यांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. कायदा केबल कंपनीला कार्यक्रमांना कात्री लावू देत नाही, थोडे अपवाद सोडून. पण स्टेशनला आणि टाऊनला?

२०१९ मध्ये मॅनहॅटनच्या स्टेशनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन निर्मात्यांनी त्याच स्टेशनवर टीका करणारा कार्यक्रम केला, पुढे त्यांच्यावर बंदी आली. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, स्टेशन चालवणारी संस्था खाजगी आहे, सरकार नव्हे, सबब तिला घटनेतलं भाषणस्वातंत्र्याचं बंधन लागू नाही. उलट स्टेशन टाऊनचंच खातं झालं तर ते सरकार होतं आणि ते बंधन लागतं. गंमत आहे ना? कागदावर निर्मात्याचा हक्क टाऊनच्या खात्यात जास्त, पण दबाव तिथेच जास्त.

म्हणून करारात लिहून घ्या: पैसा सेवेसाठी आहे, कार्यक्रमात काय असावं यात टाऊनचा हात नाही, आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चढेल. 'अखंड' हा शब्द हवाच.

---

चिंचगूळ | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

@कृष्णाकाठ, खोटं नाही सांगत. एकदा एका बोर्डाच्या सदस्याचा फोन आला होता, लोकांच्या बोलण्याच्या वेळात एकजण 'जरा जास्तच' बोलला, तेवढं काढता येईल का. तेव्हा आमचा पैसा केबलच्या निधीतून यायचा, तरी आमच्या दिग्दर्शकाला घाम फुटला. त्यांनी काढलं नाही. पण उद्या आमची ओळ बजेटमध्ये असेल, आणि हाच सदस्य त्या ओळीवर मत देईल. मला याचं पूर्ण उत्तर नाही. वकीलबुवांचं 'अखंड' घालते.

आणि एक अडचण, जी फक्त आपल्याच लोकांना कळेल. फिनकॉमने नाही म्हटलं तरी दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्यांनी वार्षिक टाऊन मीटिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत आर्टिकल, म्हणजे मतदानासाठी प्रस्ताव, घालता येतं. दहाच! मला वाटलं हातचा मळ. यादी काढली. माझे सगळ्यात खंदे स्वयंसेवक, शनिवार-शनिवार कॅमेरे ओढणारे, एच-१ व्हिसावर नाहीतर ग्रीनकार्डच्या रांगेत, म्हणजे मतदार नाहीत. एकही सही चालत नाही. टाऊन मीटिंगमध्येही ते मतदारांबरोबर बसू शकत नाहीत, बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्यांत. तिथेच आमचे कॅमेरे असतात, म्हणून त्यांना फरक पडत नाही म्हणतात.

---

अडाणी_आजोबा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:४४

पोरांच्या सह्या घ्या की. इथे जन्मलेली, अठरा पूर्ण झालेली.

---

चिंचगूळ | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आजोबा!!! मराठी शाळेतली पहिली बॅच. आत्ता फोन करते.

---

चिंचगूळ | २२ मार्च, रात्री ११:२०

फिनकॉमची सुनावणी झाली. भाषण केलं नाही. हिशेबनीस काकांचा तक्ता, एक पान, दोन्ही बाजू. एजन्सीचं कोटेशन जोडलं. त्यात त्यांनी आमच्याहून निम्म्या मीटिंगसाठी आमच्याहून जास्त मागितलेत. ते मी बोलले नाही, त्यांनीच वाचलं. मथळ्यांचं कोण करणार, हे विचारल्यावर टाऊन मॅनेजरनी पाणी प्यायलं.

आणि @रिमोट_हरवला, आम्ही पानावर 'टीव्ही' शब्द एकदाच लिहिला, संस्थेच्या नावात आहे म्हणून. बाकी सगळीकडे 'सार्वजनिक सभांचं चित्रीकरण आणि संग्रह'.

शिफारस मिळाली, पण मागितल्याच्या निम्म्याची आणि एका वर्षापुरती. पाच विरुद्ध चार. डोळे पुसणाऱ्या बाई या वेळी आमच्या बाजूने, कोरड्या डोळ्यांनी.

सह्या अठरा झाल्या. त्यातल्या सात पोरांच्या. आर्टिकल मागे न घेता तसंच ठेवलंय, पूर्ण रकमेसह.

---

हिशेबनीस | २३ मार्च, सकाळी ६:३०

पाच-चार म्हणजे टाऊन मीटिंगमध्ये विरोधातले चार उठून बोलतील. त्यांच्याशी आधी एकेक कॉफी घ्या. एक वर्षाची शिफारस वाईट नाही. फिनकॉमला वर्षाच्या ओळी आवडतात, कारण काढता येतात. पण एकदा छापलेली ओळ काढायला कोणीतरी हात वर करावा लागतो, आणि तेव्हा तो कॅमेऱ्यात दिसतो.

राज्याच्या विधिमंडळात स्ट्रीमिंग कंपन्यांकडून पाच टक्के घ्यायचं विधेयक दर सत्रात येतं आणि कमिटीत झोपतं. त्यावर विसंबून राहू नका, पण आपल्या प्रतिनिधीला पत्र मात्र टाका.

---

कैरीची_फोड | २३ मार्च, दुपारी २:००

ताई, तो तक्ता इथे टाकाल का? गावाचं नाव खोडून. आमच्या नगर परिषदेत मेमध्ये बजेट आहे.

---

चिंचगूळ | २३ मार्च, दुपारी २:४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तास मोजताना जाण्यायेण्याचा, तारा गुंडाळण्याचा वेळ धरा. आम्ही पहिल्यांदा धरला नव्हता, तिथेच वर्षाचे कितीतरी तास हरवले होते.

---

चिंचगूळ | ७ मे, रात्री १२:३५

आत्ताच टाऊन मीटिंगहून आले. चहा ठेवलाय. झोप येणार नाही.

आमचं आर्टिकल सव्वादहाला आलं, म्हणजे निम्मे लोक घरी जायच्या बेतात. विरोधातल्या एका गृहस्थांनी रकमेत दुरुस्ती सुचवली, फिनकॉमच्या आकड्यावर आणा म्हणून. मग मराठी शाळेतली आमची एक मुलगी उठली. अठरा वर्षांची, गावात पहिल्यांदाच मतदान करत होती. मला वाटलं आज्यांबद्दल बोलते की काय, पोटात गोळा. ती म्हणाली, दुरुस्ती मांडणाऱ्या काकांनी मागच्या ऑक्टोबरात फुटपाथच्या प्रश्नावर केलेलं भाषण तिने शाळेच्या प्रकल्पात वापरलं, आमच्याच रेकॉर्डिंगवरून, आणि ते फार चांगलं भाषण होतं. एवढंच बोलून बसली. सभागृह हसलं. गृहस्थही हसले, पण दुरुस्ती मागे घेतली नाही.

कार्डं वर झाली. मॉडरेटरना नुसतं बघून कळेना, मोजायला लावलं. दुरुस्ती थोड्या मतांनी मंजूर. मग दुरुस्त आर्टिकल भरघोस मतांनी मंजूर. म्हणजे निम्मे पैसे. पण बजेटच्या ओळीत, आणि करारात 'अखंड' आहे.

अडीच माणसांची दोन होणार. अर्ध्या माणसाला उद्या मीच सांगायचंय.

---

कृष्णाकाठ | ७ मे, रात्री १:१०

अभिनंदन म्हणू की काय म्हणू कळेना. त्या मुलीचं बोलणं बघायचंय. लिंक?

---

चिंचगूळ | ७ मे, सकाळी ७:५५

अजून चढलेलं नाही. चढवणारा तो अर्धा माणूसच होता. शनिवारी मी आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांतले दोघं बसून करतो. सोमवारी सीवर कमिशन आहे, त्याच्या आधी व्हायला हवं.